चाक, उंची आणि कायदा : पुणे परिसरातील आडवाटेच्या वाहनांमधील फेरबदलांचा इतिहास

प्रास्ताविक

पुणे शहराच्या औद्योगिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कारखान्यांच्या अंगाने झाले आहे. पिंपरी, आकुर्डी, भोसरी आणि चाकण येथील वाहननिर्मितीचा विस्तार, तिच्यामुळे निर्माण झालेला रोजगार आणि शहराचे बदललेले रूप या विषयांकडे अभ्यासकांचे लक्ष गेले आहे. तथापि कारखान्यातून बाहेर पडलेल्या वाहनाचे पुढे काय होते, त्यात मालक व कारागीर कोणते बदल करतात आणि ते का करतात, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. वाहनाची उंची वाढवून त्यास मोठ्या व्यासाचे टायर बसविणे हा अशा फेरबदलांपैकी सर्वाधिक प्रचलित प्रकार होय. वरवर पाहता हा हौशी तरुणांचा छंद वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी सह्याद्रीतील वाटा, लष्करी छावणीचा वारसा, पेठांमधील कारागिरी, वाहनकंपन्यांचे आराखडे आणि मोटार वाहन कायदा अशा अनेक घटकांचा परस्परसंबंध आहे.

प्रस्तुत लेखात दुसऱ्या महायुद्धोत्तर काळापासून आजपर्यंतच्या या फेरबदलांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. पोलादी पाट्यांच्या जीपपासून हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनच्या आधुनिक गाडीपर्यंत तंत्रात झालेले स्थित्यंतर स्पष्ट करणे, तसेच याच काळात कायद्याची भूमिका कशी बदलत गेली हे दाखविणे, हा लेखाचा हेतू आहे. वाहनाची उंची ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

१. घाट, चाक आणि भूमीपासूनची उंची

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग आहे. मुळशी, मावळ, राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि भोर या तालुक्यांतील वाटा पावसाळ्यात चिखलाने व ओढ्यांनी अडतात, तर उन्हाळ्यात त्याच वाटांवर उघडे पडलेले खडक आणि खोल चाकोऱ्या प्रवासाची परीक्षा पाहतात. बोरघाटातून चाकांच्या वाहतुकीस योग्य असा रस्ता सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८३० मध्ये खुला झाला. त्याच घाटातून १८६३ मध्ये रेल्वे धावू लागली. मुख्य मार्ग अशा रीतीने सुकर झाले, तरी आडवाटांवरील गावांचा प्रश्न पुढे दीर्घकाळ कायम राहिला.

या प्रदेशातील पारंपरिक बैलगाडीचे चाक मोठ्या व्यासाचे असे. त्यामागे व्यवहारज्ञान होते. चाक जितके मोठे तितका आस जमिनीपासून उंच राहतो, आणि खड्ड्यातून वा दगडावरून चाक ओढून काढण्यास लागणारे बळही कमी होते. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये ही कल्पना पुन्हा मांडून ती व्यवहारात आणली. रबरी टायरच्या बैलगाडीला महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आजही ‘डनलॉप गाडी’ म्हणतात. या गाडीने ओझे वाहण्याची क्षमता वाढविली, मात्र तिचे चाक लहान असल्याने ती जुन्या गाडीपेक्षा जमिनीला अधिक जवळ आली. सोय आणि उंची यांच्यातील ही देवघेव मोटारगाडीच्या आधीपासूनची आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या संदर्भात एक तांत्रिक बाब आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. आडवाटेवर वाहन अडते ते बहुधा त्याच्या सर्वांत खालच्या भागापाशी. ज्या वाहनात डावी व उजवी चाके एकाच अखंड आसाने म्हणजे एक्सलने जोडलेली असतात, त्यात एक्सलच्या मध्यावरील गिअरचा गोळा हा तो सर्वांत खालचा भाग होय. स्प्रिंग उंच केल्याने गाडीचा सांगाडा वर जातो, परंतु एक्सल जागच्या जागी राहतो. एक्सल उंचावण्याचा उपाय एकच, तो म्हणजे मोठे चाक. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर एक्सल एक इंचाने वर जातो. मात्र मोठा टायर मडगार्डला घासू नये यासाठी सांगाडाही उचलावा लागतो. सारांश, उंची वाढविणे हे साधन असून मोठे चाक हे साध्य आहे. पुण्यातील फेरबदलांचा इतिहास समजून घेण्यासाठी हा क्रम ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

२. जीप, पाटे आणि पेठेतील कारागीर

दुसऱ्या महायुद्धात विलीज व फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपगाड्या तयार केल्या. या गाडीची भूमीपासूनची उंची सुमारे पावणेनऊ इंच होती आणि तिला १६ इंची रिंगवर ६ इंच रुंदीचे टायर असत. युद्ध संपल्यानंतर अशा अनेक गाड्या भारतात निकाली काढण्यात आल्या. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे तिची निर्मितीही देशातच होऊ लागली. जिल्हाधिकाऱ्यांचे दौरे, पाटबंधाऱ्यांची कामे, सहकारी साखर कारखान्यांचा कारभार आणि निवडणुकांचा प्रचार या सर्वांतून ‘जीप’ हा शब्द मराठी ग्रामीण जीवनात रूढ झाला.

पुण्याला या इतिहासात विशेष स्थान आहे. पुणे आणि खडकी येथील छावण्या, दक्षिण कमांडचे मुख्यालय, खडकीतील बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप यांमुळे लष्करी वाहनांच्या देखभालीचे ज्ञान शहरात रुजले. लष्करातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, जुन्या बाजारातील सुटे भाग आणि नाना पेठेतील वाहनसाहित्याची दुकाने यांच्यातून दुरुस्तीची स्वतंत्र संस्कृती आकारास आली. या संस्कृतीचे लिखित दस्तऐवज जवळजवळ नाहीत. आराखडे कागदावर नसत, ते हातात आणि नजरेत असत. उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेले हे ज्ञान अभिलेखागारात सापडत नाही. त्यामुळे इतिहासाच्या दृष्टीने ते अदृश्य राहिले.

जीपचे सस्पेन्शन पोलादी पाट्यांच्या कमानीचे होते. तिची उंची वाढविण्याचे तीन मार्ग प्रचलित झाले. पहिला मार्ग पाटे वाढविण्याचा अथवा त्यांना पुन्हा बाक देण्याचा. पाटे तापवून, ठोकून आणि पाणी देऊन त्यांची कमान वाढविली जाई. दुसरा मार्ग पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणारी शॅकल लांब करण्याचा. तिसरा मार्ग अधिक धाडसाचा होता. मूळ जीपमध्ये पाटे एक्सलच्या खालून जातात. ते सोडवून एक्सलच्या वर बसविले की गाडी एकदम चार-पाच इंचांनी उंच होते. या बदलाने मोठ्या टायरला जागा मिळे, परंतु इंजिनाकडून चाकांकडे शक्ती नेणाऱ्या शाफ्टचा कोन वाढे, स्टिअरिंगचे दांडे तिरके होत आणि खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंग आपोआप वळू लागे. जाणता कारागीर या प्रत्येक दोषावर उतारा करी. अर्धवट माहितीचा कारागीर मात्र गाडी उंच करून देई आणि पुढचे मालकाच्या नशिबावर सोडी.

या फेरबदलांकडे केवळ हौस म्हणून पाहणे योग्य होणार नाही. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खासगी प्रवासी वाहतुकीत, तसेच ऊस, दूध आणि भाजीपाला वाहणाऱ्या टेम्पोंमध्ये मागील पाट्यांत एखादा जादा पाटा घालून घेणे ही नित्याची बाब होती. गाडीचा मागचा भाग ओझ्याने बसू नये, हा त्यामागचा साधा हेतू. आडवाटेवर हौसेने जाणारा शहरी मालक आणि पोटासाठी जाणारा ग्रामीण चालक हे दोघेही एकाच पाटेवाल्याकडे येत. त्यांच्या गरजा भिन्न असल्या, तरी कारखान्याने ठरविलेली उंची आपल्या वाटेला पुरेशी नाही, हा अनुभव दोघांचाही होता.

३. पिंपरी-आकुर्डीची वाहने

१९६० च्या दशकात पुण्याचे औद्योगिक चित्र झपाट्याने बदलले. टेल्को कंपनीने १९६६ पासून पुण्यात आपला विस्तार केला. त्याच वर्षी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’ या संस्थेची स्थापना झाली. वेताळ टेकडीवरील तिच्या वास्तूमुळे त्या भागास लोकभाषेत ‘एआरएआय टेकडी’ हे नाव पडले. जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये आरंभ झालेली बजाज टेम्पो ही कंपनी आकुर्डी येथे स्थिरावली व २००५ मध्ये तिने ‘फोर्स मोटर्स’ हे नाव धारण केले.

टेल्कोने १९९१ मध्ये सिएरा, १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी ही वाहने बाजारात आणली. सफारीच्या पुढील चाकांना टॉर्शन बार म्हणजे पीळ घेणारा पोलादी दांडा, तर मागील चाकांना वेटोळ्या स्प्रिंगा होत्या. पाट्यांच्या तुलनेत ही रचना प्रवाशांस सुखद होती, मात्र तिने कारागिरापुढे नवे प्रश्न उभे केले. टॉर्शन बारची पीळ वाढविणारा बोल्ट फिरविला की गाडीचा पुढचा भाग वर येतो. हा बदल फुकटात आणि काही मिनिटांत होतो. त्यामुळे तो लोकप्रिय झाला. परंतु चाक खाली जाण्यास जी मोकळीक आवश्यक असते ती त्यामुळे कमी होते, बॉल जॉइंटवर ताण येतो आणि टायर एका कडेने झिजू लागतात. पाट्याच्या कामात चूक झाली तर ती डोळ्यांना दिसे. नव्या रचनेत मात्र चूक सांध्यात दडून राही आणि काही महिन्यांनी प्रकट होई.

बजाज टेम्पोच्या ट्रॅक्स मालिकेतून पुढे आलेली ‘गुरखा’ ही गाडी येथे विशेष उल्लेखनीय आहे. २०२१ मध्ये आलेल्या गुरखामध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे अखंड एक्सल, वेटोळ्या स्प्रिंगा आणि दोन्ही एक्सलवर डिफरन्शियल लॉक अशी आडवाटेसाठी योग्य रचना होती. तिची भूमीपासूनची उंची २०५ मिलिमीटर आणि टायर १६ इंची रिंगचे होते. २०२४ च्या सुधारित गुरखाला कंपनीने स्वतःच १८ इंची रिंगचे टायर दिले आणि उंची २३३ मिलिमीटर झाली. टायरच्या मापांवरून हिशेब केला असता जुन्या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर, तर नव्याचा सुमारे ७८९ मिलिमीटर येतो. म्हणजे त्रिज्या सुमारे २० मिलिमीटरने वाढली. उंचीतील एकूण वाढीत मोठा वाटा चाकाचा आहे. मार्च २०२५ मध्ये संरक्षण दलांकडून २,९७८ गुरखा वाहनांची मागणी नोंदविली गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

या उदाहरणाचे ऐतिहासिक महत्त्व असे की, मालक आणि कारागीर जे अनेक वर्षे करीत होते, तेच अखेरीस कारखान्याने अधिकृतपणे केले. मात्र दोन्ही कृतींत एक मूलभूत भेद आहे. कारखान्याने केलेला बदल ब्रेक, स्टिअरिंग, दिव्यांची उंची, वेगमापक आणि स्थैर्य यांच्या चाचण्यांतून जातो. कारागिराने केलेल्या बदलाची चाचणी पहिल्या उतारावर होते.

४. हवेवरील सस्पेन्शन

पोलादाऐवजी कोंडलेल्या हवेवर वाहन तोलण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत झाले व १९५० च्या दशकात तेथील मोठ्या बसगाड्यांत ही पद्धत स्थिरावली. १९५७ ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोम ही या पद्धतीची आरंभीची मोटारगाडी होय. आडवाटेच्या वाहनांत तिचा ठळक वापर रेंज रोव्हरने केला. १९७० मध्ये वेटोळ्या स्प्रिंगांसह आलेल्या या गाडीला १९९३ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे हवेवरील सस्पेन्शन मिळू लागले आणि १९९४ च्या दुसऱ्या पिढीत ते सर्वच गाड्यांना देण्यात आले. २००४ च्या डिस्कव्हरी ३ या गाडीत ही रचना अधिक प्रगत झाली.

पुणेकरांना हवेवरील सस्पेन्शनचा परिचय प्रथम झाला तो मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर धावू लागलेल्या व्होल्वो बसगाड्यांमुळे. थांब्यावर बस एका बाजूला हळूच झुकते, हे दृश्य त्या काळी नवलाईचे होते. बसदुरुस्तीच्या कार्यशाळांतून ‘फुगा’ आणि ‘बलून’ हे शब्द हवेच्या रबरी स्प्रिंगसाठी रूढ झाले. टाटा मोटर्सने जून २००८ मध्ये जग्वार व लँड रोव्हर या ब्रिटिश कंपन्या २३० कोटी डॉलर्सना विकत घेतल्या. २००९ मध्ये लँड रोव्हर गाड्यांची भारतात अधिकृत विक्री सुरू झाली आणि मे २०११ मध्ये पुण्यात फ्रीलँडर २ या गाडीची जुळणी होऊ लागली. मे २०२४ मध्ये रेंज रोव्हर व रेंज रोव्हर स्पोर्ट यांची जुळणीही पुण्यात करण्याची घोषणा झाली. चोपन्न वर्षांत ब्रिटनमधील सॉलिहलबाहेर या गाडीची जुळणी होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. जीपचे पाटे ठोकणाऱ्या शहरात अशा प्रकारे हवेवर चालणारी गाडी बांधली जाऊ लागली.

हवेवरील सस्पेन्शनचे कार्य पुढीलप्रमाणे चालते. प्रत्येक चाकापाशी पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचा रबरी फुगा असतो. गाडीतील कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवितो आणि झडपांच्या साह्याने ती हव्या त्या फुग्यात सोडली जाते. प्रत्येक चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असून तो एका लहानशा दांडीने सस्पेन्शनच्या भुजेला जोडलेला असतो. सेन्सरकडून आलेल्या मापानुसार संगणक उंची राखतो. डिस्कव्हरी ३ मध्ये नेहमीची उंची १८५ मिलिमीटर असून चालकाने कळ दाबताच ती २४० मिलिमीटर होते. वेग वाढला की गाडी स्वतःहून पुन्हा खाली येते.

अशी गाडी कायमची उंच करण्यासाठी जगभर एक सोपी युक्ती वापरली जाते. सेन्सरला जोडणारी मूळ दांडी काढून वेगळ्या लांबीची दांडी लावली की गाडी प्रत्यक्षापेक्षा खाली आहे असा संगणकाचा समज होतो आणि तो फुग्यांत अधिक हवा भरतो. गाडी दीड-दोन इंचांनी वर येते व मोठ्या टायरला जागा मिळते. काही ठिकाणी दांडी न बदलता संगणकातील मापच बदलले जाते. दोन्ही प्रकारांत एकही स्प्रिंग बदललेली नसते, पोलादाचा एकही तुकडा कापलेला नसतो. गाडीला केवळ चुकीची माहिती पुरविलेली असते.

या युक्तीच्या मर्यादा गंभीर आहेत. फुग्याची एकूण हालचाल ठरलेली असते. नेहमीचीच उंची वर नेली तर चाकाला खाली जाण्यासाठी उरणारी हालचाल तेवढीच घटते, आणि खडकाळ वाटेवर चाक अधांतरी राहू लागते. चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, कॉम्प्रेसरला अधिक काम पडते, चाकांची मांडणी बिघडते. सर्वांत मोठा धोका हवा गळण्याचा. पोलादी पाटा तुटला तरी गाडी बव्हंशी उभी राहते. फुगा फुटला तर गाडी थेट तळावरील रबरी ठोकळ्यांवर बसते. मूळ मापाचे टायर असल्यास अशा स्थितीतही ते मडगार्डच्या आत फिरू शकतील अशी योजना निर्मात्याने केलेली असते. टायर मोठे असतील तर ते मडगार्डमध्ये अडकतात. ताम्हिणी वा वरंधा घाटातील उतारावर हा प्रसंग ओढवला तर त्याचे परिणाम काय होतील, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

५. कायद्याचा बदललेला संदर्भबिंदू

वाहनातील फेरबदलांविषयी भारतीय कायद्याची भूमिका स्थिर राहिलेली नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ तरतूद अशी होती की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील अचूक राहणार नाही असा बदल करण्यापूर्वी मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्यास लेखी सूचना देऊन त्याची संमती घ्यावी. सूचना मिळाल्यापासून सात दिवसांत उत्तर न आल्यास संमती मिळाली असे मानले जाई. या तरतुदीमागे मालक आणि शासन या दोघांमधील संबंध गृहीत धरलेला होता. बदल करण्याचा अधिकार मालकाचा आणि त्यावर देखरेख शासनाची, अशी ती मांडणी होती.

११ ऑगस्ट २००० पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हे चित्र पालटले. निर्मात्याने मुळात विनिर्दिष्ट केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येणार नाही, असे कलम ५२ म्हणू लागले. इंजिन बदलणे, इंधनप्रकार बदलण्याचे संच बसविणे अशा काही बाबींना मर्यादित सवलत राहिली. या दुरुस्तीने संदर्भबिंदूच बदलला. पूर्वी बदलाची तुलना नोंदणी पुस्तकाशी होत असे, आता ती निर्मात्याच्या आराखड्याशी होऊ लागली. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात हीच भूमिका स्पष्ट केली आणि राज्यांचे नियम कलम ५२ ला अधीन असल्याचे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने जोडलेल्या कलम १८२-अ नुसार सुटे भाग बसवून केलेल्या निषिद्ध बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. मात्र याच दुरुस्तीने फेरबदलांचे मानदंड व अटी ठरविण्याचा अधिकारही केंद्र शासनास दिला.

या तरतुदी पोलादी स्प्रिंगच्या युगातील संकल्पनांवर आधारलेल्या आहेत. हवेवरील सस्पेन्शनने त्यांच्यापुढे नवा पेच निर्माण केला. खासगी वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात भूमीपासूनची उंची नोंदविण्याचा रकानाच नाही. शिवाय जी गाडी चालकाने कळ दाबताच ५५ मिलिमीटर वर जाते, तिची ‘मूळ’ उंची कोणती? सेन्सरची दांडी बदलल्याने गाडी उंच झाली तरी ती उंची निर्मात्याने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत असू शकते. टायरचे माप बदलले की विसंगती उघड होते, परंतु केवळ संगणकातील माप बदलले असेल तर रस्त्यावर तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यास ते ओळखणे कठीण. कायद्याच्या दृष्टीने ज्ञात असलेला बदल आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने धोकादायक असलेला बदल, हे दोन्ही नेहमी एकच नसतात.

६. उंचीचा हिशेब

फेरबदलांवरील निर्बंध अनाठायी आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. उंचीचा थेट संबंध गाडी उलटण्याशी आहे. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतरास गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता येणारा अंक वाहनाच्या स्थैर्याची प्राथमिक कल्पना देतो. उदाहरणार्थ, चाकांमधील अंतर १,५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर असल्यास हा अंक १.०७ येतो. गाडी ७५ मिलिमीटरने उंच केली तर तो ०.९७ वर उतरतो. तीन इंचांच्या वाढीने स्थैर्य सुमारे दहा टक्क्यांनी घटते. त्याचप्रमाणे, टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर वेगमापक ताशी १०० किलोमीटर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात १०५ च्या वेगाने धावत असते, आणि जड चाक थांबविण्यासाठी ब्रेकला अधिक बळ लागते. गाडीत बसलेल्या कुटुंबाला आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला या हिशेबाची कल्पना नसते. विम्याचा दावा करण्याची वेळ आल्यावर न कळविलेला फेरबदल हा वादाचा मुद्दा होतो, तो भाग निराळाच.

अन्य देशांनी या प्रश्नावर निरनिराळे उपाय योजले आहेत. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील फेरबदलांसाठी राष्ट्रीय आचारसंहिता असून राज्याराज्यांतील तपशील भिन्न असले, तरी थोड्या उंचीपर्यंतचे बदल सोप्या रीतीने आणि त्यापुढील बदल मान्यताप्राप्त अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह करता येतात. जर्मनीत फेरबदलाची तांत्रिक तपासणी होऊन त्याची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत केली जाते. या व्यवस्थांमध्ये मालकाला मोकळे रान नाही. तेथे प्रत्येक बदलाची जबाबदारी कोणीतरी सही करून स्वीकारतो. आपल्याकडे वैयक्तिक मालकाला परवडेल असा चाचणीचा मार्ग रुळलेला नाही. परिणामी चांगला कारागीर आणि निष्काळजी कारागीर या दोघांनाही कायद्याने एकाच रांगेत बसविले आहे. चांगल्या कामाची नोंद होत नाही, आणि वाईट कामाची नोंद अपघातानंतरच होते.

पुणे शहराच्या बाबतीत ही विसंगती अधिकच जाणवते. संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालय, वेताळ टेकडीवरील चाचणी संस्था, पिंपरी-चिंचवडचे कारखाने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि नाना पेठेतील बाजार हे सर्व काही किलोमीटरांच्या परिघात आहेत. वाहनाची उंची शास्त्रशुद्ध रीतीने तपासण्यास आवश्यक असलेले ज्ञान, साधने आणि अधिकार एकाच शहरात उपलब्ध असूनही ते परस्परांशी जोडले गेलेले नाहीत.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथम, पुणे परिसरातील वाहनांची उंची वाढविण्याची प्रथा ही अलीकडच्या काळातील आयात केलेली हौस नसून तिची मुळे सह्याद्रीतील वाटा, लष्करी जीपचा वारसा आणि ग्रामीण वाहतुकीची निकड यांत आहेत. दुसरे, पाटे, टॉर्शन बार, वेटोळ्या स्प्रिंगा आणि हवेचे फुगे या क्रमाने तंत्र बदलत गेले तसतसा फेरबदल करणे सोपे झाले, परंतु त्याचे परिणाम समजणे अवघड झाले. पाटा ठोकण्यास कौशल्य लागे आणि त्या कौशल्याबरोबर जाणही येई. दांडी बदलण्यास कौशल्य लागत नाही. तिसरे, २००० च्या दुरुस्तीने उंची ठरविण्याचा अधिकार मालक व शासन यांच्याकडून निर्मात्याकडे गेला. सुरक्षिततेच्या दृष्टीने या बदलास आधार असला, तरी त्याने कारागिराला अधिकृत चौकटीबाहेर ठेवले.

२०१९ च्या दुरुस्तीने मानदंड ठरविण्याचा जो अधिकार केंद्र शासनास दिला आहे, त्याचा उपयोग करून मर्यादित उंचीवाढीसाठी चाचणी, प्रमाणपत्र आणि नोंद यांची पद्धत आखता येणे शक्य आहे. त्यासाठी पेठेतील कारागिरांच्या अनुभवाचे पद्धतशीर संकलन होणे गरजेचे आहे. जीपच्या काळापासून काम केलेल्या पिढीतील फार थोडे कारागीर आज हयात आहेत. त्यांच्या मुलाखती नोंदवून ठेवणे हे इतिहास आणि अभियांत्रिकी या दोन्ही विभागांनी एकत्र येऊन करावयाचे काम आहे. मोठे चाक बसविताना कोठे थांबावे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांचे म्हणणे ऐकून न घेता केलेला कोणताही मानदंड कागदावर पूर्ण, पण घाटात अपुरा ठरेल.